अनुकूल बाजू

"बदलून द्या सर," मी म्हटलं.

हळबे सरांनी हातातल्या स्टीलच्या डब्याचं झाकण लावलं. एरवी त्या डब्यात त्यांची पोळीभाजी असायची, आणि वादविवाद स्पर्धा जवळ आली की चिठ्ठ्या. विषयाच्या अनुकूल बोलायचं की प्रतिकूल, हे त्या डब्यातून निघायचं. माझ्या चिठ्ठीवर 'अनुकूल' होतं. आणि फळ्यावर सरांच्या वळणदार अक्षरात विषय होता : 'तोट्यातील सहकारी उद्योग बंद करण्यातच देशाचे हित आहे.'

"बदलून द्यायला ही काय भाजीची जुडी आहे, वैजयंता?"

"माझे तात्या सूतगिरणीत आहेत सर. आम्ही चार माणसं त्या गिरणीवर जेवतो. आणि गिरणी बंद करा म्हणून मीच बोलू?"

"वादविवादात बाजू आपली नसते. चिठ्ठीची असते. वकील विचारतो का अशिलाला, तू खरा की खोटा?"

"वकिलाचा बाप आरोपी नसतो सर."

वर्ग हसला. सरही हसले. "हे बघ, हेच स्टेजवर बोल. ढाल आपलीच." आणि चिठ्ठी माझ्याच हातात राहिली.

मला राग लवकर येतो, हे आता माझ्या सासरच्यांनाही पाठ झालंय. तेव्हाही यायचा. पण ढाल म्हटल्यावर माझा राग जरा गिळला गेला, हे खोटं का सांगू?

साल त्र्याण्णव. नवं आर्थिक धोरण येऊन दीड वर्ष झालं होतं आणि आमच्या तालुक्यात ज्याला त्याला देश सुधारायची घाई झाली होती. सलूनमध्ये, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत एकच विषय. कुणी म्हणे सगळं खाजगी करा, कुणी म्हणे सगळं सरकारनं घ्या. आमच्या भैरवनाथ सहकारी सूतगिरणीचे चेअरमन सर्जेराव इंगवले पंधरा वर्षं 'सहकारातून समृद्धी' म्हणून फिती कापत फिरत होते. तेच आता 'काळाची पावलं ओळखा' म्हणायला लागले होते. एवढं झटपट कूस बदलणारं माणूस मी पुढं आयुष्यात पाहिलं नाही.

गिरणी बंद होणार, अशी कुजबुज होती. फेब्रुवारीत सभासदांची खास सभा बोलावली होती. सभासद म्हणजे भागातले कापूसवाले शेतकरी आणि शेअर घेतलेले कामगार. माझे तात्या गिरणीत फिटर होते. एकोणीस वर्षं त्यांनी त्या मशिनी खोलल्या, जोडल्या, चालवल्या. आवाज ऐकून कुठलं बेअरिंग रडतंय ते सांगायचे. सभेत मांडायला त्यांनी आणि आणखी सहा जणांनी एक योजना केली होती. ती त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर लिहिली होती, कारण एवढा मोठा कागद घरात दुसरा नव्हता. सूत काढणाऱ्या आठ रिंगफ्रेमपैकी चारच चालवायच्या. दोन पाळ्या. चार कामगार आणि तीन शेतकरी अशी समिती. रुईची खरेदी सगळ्यांसमोर, गाठ फोडून बघून. दोन वर्षांत बाकीच्या चार सुरू. बस, एवढीच. पण चौकोन आखून, नावं घालून, कोण कुठल्या पाळीला ते सगळं मांडलेलं.

युनियनचे कॉम्रेड हुल्याळकर एकदा घरी आले, तेव्हा तात्यांनी ते कॅलेंडर त्यांच्यापुढं पसरलं. कॉम्रेडनी चष्मा कपाळावर नेऊन वाचलं.

"अर्धी गिरणी?" ते म्हणाले. "महादेवराव, कामगारवर्ग अर्धी भाकरी मागत नाही. संपूर्ण गिरणी सरकारनं ताब्यात घेतली पाहिजे. ही तर तडजोड झाली."

"साहेब, सरकार घेतंय कुठं? तवर मशिनी गंजून जातील की."

"गंजू द्या. व्यवस्थाच बदलायची आहे आपल्याला."

तात्यांनी कॅलेंडरची गुंडाळी केली. कॉम्रेडनी चहा प्यायला आणि गेले. भला माणूस होता, दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. पण गंजलेल्या मशिनीजवळ तो कधी उभा राहिला नव्हता. मला तेव्हाच वाटलं होतं की त्यांच्या कपाची बशी आपटावी. आपटली नाही.

चिठ्ठीचं मी घरी सांगितलं तेव्हा वाटलं तात्या चिडतील. ते हसायलाच लागले.

"आगं मग बोल की! तोटा हाय हे काय खोटं हाय व्हय? तोटा हाय. पर त्यो कशानं हाय ते सांग लोकांस्नी."

"कशानं आहे?"

तात्या माझ्याकडं बघतच राहिले. एकोणीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी मांडी ठोकली आणि म्हणाले, "वही घे."

त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं, असं तीन संध्याकाळी चाललं. चेअरमनच्या मेव्हण्याच्या जिनिंगमधून पाणी मारून जड केलेल्या रुईच्या गाठी यायच्या. त्या वाळेपर्यंत निम्मं वजन हवेत जायचं आणि धागा तुटून तुटून मशीन थांबायची. संचालकांचे सतरा भाचे-पुतणे हजेरीपुस्तकावर सही करून घरी जायचे. तात्यांना त्यांची नावं तोंडपाठ, कुणाचा कोण ते सुद्धा. बेअरिंगला ग्रीस मागितलं की स्टोअरमधून 'शिल्लक नाही', आणि चेअरमनच्या जीपला त्याच आठवड्यात नवे टायर. तात्या सांगताना मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "लिवलंस? साडू न्हवं, मेव्हणा लिव. उगं कुनावर खोटा आळ नको."

आई आतून म्हणाली, "अवो, पोरीच्या तोंडून कशाला वदवताय? सभा हाय की तुमची."

"सभंत मला दोन मिन्टं बी देणार न्हाईत. हिला सात मिन्टं हायती, आन् समोर चेअरमन बसणार. हिचं ऐकावं लागंल त्येला."

मग मला कळलं की तात्यांना ती चिठ्ठी वाईट वाटलीच नव्हती.

भाषण तयार करून मी हळबे सरांना दाखवलं. त्यांनी लाल पेन काढलं. 'मेव्हणा' या शब्दावर ते पेन थांबलं.

"हे काय? प्रमुख पाहुणे कोण आहेत ठाऊक आहे ना? कॉलेजच्या या हॉलचे पत्रे कुणी घातले?"

"पण हे खरं आहे सर."

"खरं असेल. पण वादविवादात व्यक्तीवर घसरायचं नसतं. तत्त्वावर बोलायचं. परीक्षक गुण कापतात. नावं काढ, मुद्दे ठेव."

असं म्हणून त्यांनी मेव्हणा खोडला, भाचे-पुतणे खोडले, जीप खोडली. वर नेटक्या अक्षरात लिहिलं. मेव्हण्याच्या ओल्या गाठींचं झालं 'कच्चा माल आणि उत्पादन यांचा मेळ बसत नाही.' सतरा भाचे-पुतण्यांचं झालं 'गरजेपेक्षा कितीतरी जास्त माणसे पोसली जातात.' ग्रीसचं झालं 'यंत्रे जुनी आणि त्यांची देखभाल निकृष्ट.' मी वाचून बघितलं. भाषण गुळगुळीत झालं होतं, तोंडात घोळवावं असं. मी एका शब्दानं हरकत घेतली नाही. मला ढाल पाहिजे होती. आमच्या घरात तोवर पितळेचा तांब्या सोडून चकाकणारी वस्तू नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी चेअरमन पहिल्या रांगेत, सोफ्यावर. तात्या सुट्टी काढून आले होते, स्वच्छ टोपी घालून अगदी मागं, दाराजवळ उभे. माझ्या आधी जयसिंगपूरचा एक मुलगा प्रतिकूल बोलला. 'सहकार हा गरिबांचा प्राण आहे' वगैरे. मुठी आपटल्या त्यानं. मग मी उठले. मी काय बोलले असेन! शेवटी म्हटलं, "गळक्या घागरीत पाणी ओतणं म्हणजे परोपकार नव्हे. देशाला असल्या घागरी फोडण्याचं धाडस हवं!" टाळ्या थांबेनात. घंटा सुद्धा ऐकू आली नाही.

चेअरमननी ढाल देताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कुणाची गं पोरगी तू?"

"महादेव लोहारांची. फिटर आहेत तुमच्याकडं."

"असं?" ते वळून माइकमध्ये म्हणाले, "मंडळी, ही आमच्याच कामगाराची लेक! जे आम्हा म्हाताऱ्यांना उमगत नाही ते हिला उमगलं!" पुन्हा टाळ्या. मला वाटलं, छप्पर उडून मी वर चाललेय.

घरी जाताना ढाल तात्यांनी काखेत धरली होती. मग म्हणाले, "झ्याक बोललीस. घसा लई मोकळा हाय तुजा." थोडं पुढं जाऊन म्हणाले, "त्या वल्ल्या गाठींचं ऱ्हायलं काय गं?"

"वेळेत बसत नव्हतं तात्या. सरांनी मुद्दे ठेवलेत सगळे."

"असू दे, असू दे," तात्या म्हणाले.

तीन आठवड्यांनी, सभेच्या आठवडाभर आधी, गावात पिवळी पत्रकं वाटली गेली. शेजारच्या पार्वताक्का नळावर मला दिसल्या. त्यांचा नवरा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता. त्यांनी पदरातून पत्रक काढून माझ्यापुढं धरलं. त्यावर माझा फोटो, ढाल हातात. खाली ठळक अक्षरात : 'गिरणी कामगाराची सुकन्या म्हणते...' आणि माझी वाक्यं. 'गरजेपेक्षा कितीतरी जास्त माणसे पोसली जातात.' 'देखभाल निकृष्ट.' 'गळकी घागर फोडण्याचे धाडस हवे.' त्याखाली ठराव : गिरणी बंद करून जमीन आणि यंत्रं विकण्यास सभेनं मंजुरी द्यावी.

"काय गं वैजू," पार्वताक्का म्हणाल्या, "आमची चूल इझवून ढाल मिळवलीस व्हय?"

मी पत्रक पुन्हा वाचलं. पोसली जाणारी जास्त माणसं कोण, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. वाचणारा म्हणणार कामगार. देखभाल निकृष्ट म्हणजे कुणाची? फिटरची. माझ्या बापाची! नावं काढली आणि सगळा दोष सरकत सरकत येऊन तात्यांच्या डोक्यावर बसला होता. आणि तो मी बसवला होता, सात मिनिटांत, टाळ्या घेत. घागर माझी भरायची राहिली. मी तिथून तशीच कॉलेजात गेले.

हळबे सर स्टाफरूममध्ये डबा खात होते. मी पत्रक त्यांच्या भाजीशेजारी ठेवलं.

"अरे वा, फोटो छान आलाय," ते म्हणाले.

"सर, हे मी म्हटलेलं नाही!"

"वाक्यं तुझीच आहेत ना?"

"वाक्यं माझी आहेत. अर्थ त्यांचा आहे! तुम्ही म्हणालात बाजू चिठ्ठीची असते. मग इथं का नाही लिहिलं, की हिनं चिठ्ठीवर आलेलं बोललं म्हणून?"

"हळू बोल. वैजयंता, मोठ्या विचारांच्या लढाईत असं होतं थोडं. तू वैयक्तिक घेऊ नकोस."

वैयक्तिक! माझा बाप बेकार व्हायचा होता आणि मी ते वैयक्तिक घ्यायचं नव्हतं. आज इतकी वर्षं झाली, तो शब्द कुणी उच्चारला तरी माझ्या डोक्यात सणक जाते. मी त्यांना काय म्हणाले ते लिहीत नाही. ते आता हयात नाहीत.

तात्यांनी पत्रक पाहिलं होतं. आता ते कॅलेंडरचे कोपरे मुडपले होते तेवढे पाटा ठेवून सरळ करत बसले.

सभेला गिरणीच्या आवारात मांडव घातला होता. ज्यांनी सभा पाहिल्या नाहीत त्यांना सांगते, आमच्याकडं सभेत मतं मोजत नाहीत. पुढच्या दोन रांगांत चेअरमनची माणसं बसतात, ठराव वाचून संपायच्या आत 'मंजूर, मंजूर' असा गिल्ला करतात, आणि झाला मंजूर. आरडाओरडा मोठा कुणाचा, एवढाच हिशेब. त्यामुळं तात्यांची सारी भिस्त मागच्या गर्दीवर होती. दीडशे शेतकरी त्यांनी घरोघर जाऊन पटवले होते. कॉम्रेडचे चाळीसेक जण होते. एवढे मिळून ओरडले असते तर पुढच्या रांगा कुठच्या कुठं बुडाल्या असत्या.

सभा सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला कॉम्रेड उठले. "ही सभाच बेकायदेशीर आहे! गिरणी सरकारनं ताब्यात घेतलीच पाहिजे! आम्ही सभात्याग करतो!" आणि घोषणा देत चाळीस घसे फाटकाबाहेर गेले. तात्या त्यांच्या मागं धावले, "साहेब, ठरावापुरतं तरी थांबा!" म्हणत. कॉम्रेडनी त्यांचा हात सोडवून घेतला. बाहेर जाऊन त्यांनी इन्किलाब झिंदाबाद म्हटलं. आत चेअरमन गालात हसले.

मग चेअरमन म्हणाले, "आता आपल्या गावची गुणी लेक दोन शब्द बोलेल. ये बाळ." त्यांनी मला बोलवायचं आधीच ठरवलं होतं, तसा निरोपही आला होता. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी थुंकलं.

मी वही घेऊन वर गेले. तीच वही, लाल पेनाची. पहिलं वाक्य तेच म्हटलं, "गिरणी तोट्यात आहे, हे खरं आहे." चेअरमननी मान डोलावली. मग मी वरचं नेटकं अक्षर सोडलं आणि खालचं खोडलेलं वाचायला लागले.

"कच्चा माल आणि उत्पादनाचा मेळ बसत नाही, कारण गाठींना पाणी मारलेलं असतं. त्या येतात चेअरमनसाहेबांच्या मेव्हण्याच्या जिनिंगमधून. गरजेपेक्षा जास्त माणसं पोसली जातात. ती माणसं सतरा. त्यांची नावं वाचते. पहिला, संभाजी इंगवले, चेअरमनसाहेबांचा पुतण्या. दुसरा..."

दुसरं नाव मी घेतलं. ते मला ऐकू आलं, इतर कुणाला आलं नाही. माइक गेला होता. मी ओरडायला लागले. तिसरं, चौथं, पार सतराव्यापर्यंत. घसा मोकळा होता म्हणत होते ना तात्या! पण सातशे माणसांच्या मांडवात एका पोरीचा घसा किती पुरणार? मागचे लोक एकमेकांना विचारत होते, "काय म्हणतीय? काय म्हणतीय?" आणि पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या, "मंजूर! मंजूर! मंजूर!"

तात्या कॅलेंडर उघडून स्टेजपाशी आले. हात वर करून त्यांनी ते धरलं होतं. "चेअरमनसाहेब, आमचा एक इचार हाय, चार मशिनी..."

माइक लगेच आला. चेअरमन त्यात म्हणाले, "हा विषय पत्रिकेवर नाही. आयत्या वेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीनं. परवानगी नाही. सभा संपली."

मार्चात गिरणी बंद झाली. रिंगफ्रेम भंगारात गेल्या, तात्यांनी जपलेल्या चारही. जागा घेतली मेव्हण्यानं. आता तिथं मंगल कार्यालय आहे, वातानुकूलित. अर्धं गाव तिथं जेवतं. मी आहेर घरी पोचवते, त्या फाटकातून आत जात नाही. चेअरमन पुढं एका परिषदेत 'ग्रामीण भारताचं पुनरुत्थान' यावर बोलले म्हणे. कॉम्रेडही त्याच परिषदेत होते, विरुद्ध बाजूनं. दोघांना शाल-नारळ मिळाला. तात्यांनी पुढची अकरा वर्षं सायकलींची पंक्चर काढली.

पण त्या दिवशी मला हे काही माहीत नव्हतं. आम्ही दोघं मांडवातून बाहेर पडलो आणि उसाच्या बांधानं घरी चाललो होतो. माझा आवाज पार बसला होता. मी रागात होते आणि त्या रागात, खरं सांगते, थोडी खूषही होते. भर सभेत बोलले होते मी. इंगवल्यांच्या तोंडावर.

"तात्या," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "पण आज मी नावं घेतली. एकूण एक."

"घेतलीस. बरं केलंस," ते म्हणाले.

कॅलेंडर त्यांनी ढालीसारखंच काखेत धरलं होतं. ओढ्याच्या चढाला ते दम खायला थांबले. माझ्याकडं न बघता, कुणाला दोष न देता, मशीन का थांबली ते सांगावं तशा आवाजात म्हणाले,

"त्या दिशी कालिजात माइक चालू हुता, पोरी."

आणि पुढं चालू लागले.